दुकान माझ्या एकटीच्या नावावर, तरी सीटीआरमधून (मोठ्या रोख भरण्याचा बँकेने सरकारला पाठवायचा रिपोर्ट) सूट मिळाली त्याची हकीकत

न्यू जर्सीत आमचं कोपऱ्यावरचं छोटं दुकान आहे. दूध, ब्रेड, अंडी, सिगारेट, सकाळची कॉफी आणि काउंटरच्या टोकाला लॉटरीचं मशीन. दुकान माझ्या नावावर आहे म्हणजे अगदी शब्दशः माझ्या नावावर. कंपनी नाही, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) नाही, भागीदार नाही. सोल प्रोप्रायटर, म्हणजे एकमालकी धंदा. २०१७ साली न्यू ब्रन्सविकला काउंटी क्लार्कच्या ऑफिसात ५० डॉलर भरून दुकानाचं नाव नोंदवलं, आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडून, ईआयएन हा धंद्याचा कर क्रमांक घेतला (तो फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या वेबसाइटांच्या नादी लागू नका), राज्याकडे नोंदणी केली आणि धंदा सुरू. कर भरताना माझ्याच १०४० फॉर्मला (वैयक्तिक कर विवरणपत्राला) शेड्यूल सी, म्हणजे धंद्याच्या नफ्यातोट्याचं पान, जोडलं जातं, बस.

२०२३ च्या अखेरीस आमच्या बँकेची समोरची शाखा बंद झाली आणि २ जानेवारी २०२४ ला मी दुसऱ्या बँकेत धंद्याचं खातं उघडलं. समोर शाखा होती तोवर रोजचा गल्ला रोज संध्याकाळी भरला जायचा. नवी शाखा गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, म्हणून शनिवार-रविवारची रोकड सोमवारी एकदम भरायची पद्धत पडली. पहिलाच लांब शनिवार-रविवार मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा. सोमवारी बँक बंद, म्हणून मंगळवारी, १६ जानेवारीला भरणा केला. बारा हजारांच्या वर रक्कम होती.

टेलरने, म्हणजे बँकेच्या खिडकीवरच्या कॅशियरने, नोटा मशीनमधून दोनदा फिरवल्या आणि मग माझं ड्रायव्हिंग लायसन्स मागितलं. सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख, पत्ता. मग विचारलं, व्यवसाय काय? म्हटलं, हे समोर दिसतंय तेच, दुकान. मागे रांगेत चार माणसं आणि आपली अशी झाडाझडती चाललेली. खरं सांगते, पोटात गोळा आला. टेलर बिचारी नम्र होती. म्हणाली, दहा हजारांच्या वर रोख आली की आम्हाला सरकारला कळवावंच लागतं, तुमच्यावर कसलाही संशय नाही.

त्या रात्री मी वाचायला बसले. १९७० चा बँक सिक्रसी ॲक्ट, त्याखाली १९७२ पासून हा दहा हजार डॉलरचा आकडा. तो अजून तोच आहे. महागाईचा हिशेब केला तर तेव्हाचे दहा हजार म्हणजे आजचे सत्तर हजारांच्या वर. म्हणजे नियम केला तेव्हा डोळ्यांसमोर कोपऱ्यावरची दुकानदारीण नक्कीच नव्हती. एका दिवसात एकाच व्यक्तीची किंवा तिच्या वतीने दहा हजारांहून जास्त रोकड आली किंवा गेली, की बँकेने पंधरा दिवसांच्या आत फिनसेनला करन्सी ट्रान्झॅक्शन रिपोर्ट, म्हणजे सीटीआर, पाठवायचा. फिनसेन हे अमेरिकेच्या अर्थखात्याचं कार्यालय. सांगलीत हळदीच्या अडतीवर बसणाऱ्या माझ्या भावाला फोनवर सांगितलं तर तो हसला. ताई, आमच्याकडेही आहे की, दहा लाखांच्या वर गेलं की बँक कळवते. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही, आणि त्याच्या त्या थंड सुराने मला जरा बरं वाटलं.

पण माझी अडचण वेगळी होती. दर सोमवारी भरणा करायला मी जातेच असं नाही. दुकानात काम करणारा मुलगा बऱ्याचदा जातो. रिपोर्टात पैसे कोणाचे एवढंच नसतं, ते प्रत्यक्ष घेऊन कोण आलं याचीही माहिती असते. त्या मुलाने आपला सोशल सिक्युरिटी नंबर माझ्या गल्ल्यासाठी परत परत का द्यावा? तो काही बोलला नाही, पण दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला कळला.

आणखी एक गोष्ट मला फेब्रुवारीत कळली. आमच्या बायकांची भिशी आहे आणि त्या महिन्यात ती मला लागली. तीन हजार रोख. सोमवारी दुकानाचे आठ हजार धंद्याच्या खात्यात आणि भिशीचे तीन हजार माझ्या घरच्या खात्यात भरले, तरी लायसन्स मागितलं. का? तर सोल प्रोप्रायटरचा धंदा आणि ती व्यक्ती कायद्याच्या नजरेत एकच. दोन्ही खात्यांची रोकड त्या दिवसापुरती एकत्र मोजली जाते. रिपोर्टही माझ्याच नावाने जातो, दुकानाचं नाव त्यात दुसरं नाव म्हणून लिहितात. कंपनी असती तर ती वेगळी व्यक्ती ठरली असती.

शेजारच्या दुकानदाराने मला मित्रत्वाचा सल्ला दिला. “अहो ताई, साडेनऊ हजार भरा, बाकीचे बुधवारी भरा. कशाला एवढा ताप?” हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. ऐकू नका. आमचे सीपीए, म्हणजे कराचे हिशेबनीस, हे ऐकून खुर्चीतून उठायचेच बाकी राहिले. रिपोर्ट जाणं हा गुन्हा नाही, पण रिपोर्ट चुकवायचा म्हणून रकमेचे तुकडे करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पैसे कितीही घामाचे असले तरी. त्याला स्ट्रक्चरिंग म्हणतात. कायद्याच्या ३१ व्या टायटलचं कलम ५३२४. पूर्वी तर आयआरएस अशा संशयावरून छोट्या दुकानदारांची खाती जप्त करायची. त्यावर ओरड झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये आयआरएसने कायदेशीर कमाईच्या बाबतीत हात आखडता घेतला आणि २०१९ च्या टॅक्सपेयर फर्स्ट ॲक्टमध्ये ते बंधन कायद्यातच आलं. तरी गुन्हा तो गुन्हाच. समोरच्या शाखेत रोजचा गल्ला रोज भरत होतो त्यात काही वावगं नव्हतं, कारण तो धंद्याचा नेहमीचा क्रम होता. हेतू बदलला की तोच भरणा भलत्याच खात्यात जमा होतो.

सीपीएंनीच मग सांगितलं की बँकेला काही गिऱ्हाइकांसाठी या रिपोर्टातून सूट घेता येते. १९९४ च्या एका कायद्याने ही सोय केली. पहिल्या टप्प्यात बँका, सरकारी खाती, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या. दुसऱ्या टप्प्यात आपल्यासारखे, ज्यांना नियमांच्या भाषेत नॉन-लिस्टेड बिझनेस म्हणतात. अटी मोजक्या आहेत. खातं किमान दोन महिने जुनं हवं (पूर्वी बारा महिने लागायचे, जानेवारी २००९ पासून दोन झाले). दहा हजारांवरचे रोख व्यवहार वारंवार व्हायला हवेत, आणि वारंवार म्हणजे वर्षात पाच किंवा जास्त. धंदा अमेरिकेत रीतसर नोंदलेला हवा. आणि काही धंदे मुळातच बाद: मोटारी विकणं, वकिली, डॉक्टरी, हिशेबनिशी, लिलाव, गहाणवट, घरांची दलाली, जुगार, दुसऱ्या वित्तसंस्थेचे एजंट वगैरे. यातलं काही तुम्ही जोडधंदा म्हणून करत असाल तर त्याची मिळकत एकूण मिळकतीच्या निम्म्याहून जास्त नको.

“जुगार” या शब्दावर माझी नजर अडकली खरी. लॉटरीचं मशीन आठवलं. पण तेव्हा मी ते बाजूला ठेवलं.

११ मार्चला फाइल घेऊन शाखा व्यवस्थापकांकडे गेले. तरुण मुलगी, कामात चोख. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ही सूट कंपन्यांसाठी असते, सोल प्रोप्रायटरना मिळत नाही. मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की नियम ३१ सीएफआर १०२०.३१५ मध्ये एकमालकी धंद्याचा स्पष्ट उल्लेख आहे, इतर अटी पुऱ्या होत असतील तर त्यालाही नॉन-लिस्टेड बिझनेस मानता येतं. तुमच्या बीएसए (बँक सिक्रसी ॲक्ट) विभागाला विचाराल का? तिने तो आकडा चिठ्ठीवर लिहून घेतला. शाखेतल्या माणसाला हे माहीत नसणं स्वाभाविक आहे, वर्षात अशी किती प्रकरणं येणार त्यांच्याकडे? म्हणून आवाज न चढवता नियमाचा क्रमांक द्यावा. तो क्रमांक मुख्य कार्यालयापर्यंत बरोबर पोचतो.

आठवड्याभराने फोन आला. चालेल म्हणाले, कागद पाठवा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: गिऱ्हाइकाने भरायचा फॉर्म नसतो. सूट बँक नोंदवते, फिनसेनच्या फॉर्म ११० वर. तुम्ही फक्त बँकेची फाइल भरेल एवढे पुरावे द्यायचे. आणि सूट देणं बँकेवर बंधनकारक नाही. ती “नको, आम्ही रिपोर्टच पाठवत राहू” असं म्हणू शकते. तुमचा तो हक्क नाही, हे मनाशी पक्कं असलं की बोलण्याचा सूर आपोआप नीट राहतो.

मी दिलेले कागद: काउंटीचं नावनोंदणीचं प्रमाणपत्र, राज्याचं बिझनेस रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, ईआयएन मिळाल्याचं आयआरएसचं पत्र, मागच्या दोन वर्षांची शेड्यूल सी, विक्रीकराची तिमाही विवरणपत्रं आणि दुकानाचा मासिक विक्रीचा तक्ता, जो त्यांनी मुद्दाम मागितला होता. ईआयएनचं मूळ पत्र सात वर्षांत कुठे गेलं कोण जाणे. ते हरवलं तर आयआरएसला फोन करून १४७सी नावाचं पत्र मागवता येतं. फोनवर बराच वेळ संगीत ऐकावं लागतं, एवढाच त्रास. फोन स्पीकरवर ठेवून मी पूर्ण फ्रीज आवरून घेतला.

मग आला तो मार्चचा शेवटचा आठवडा. मेगा मिलियन्सचा जॅकपॉट १.१३ अब्ज डॉलरवर गेला होता. २६ मार्चच्या मंगळवारी सोडत होती आणि त्या आधीचे चार दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जे कधी लॉटरी घेत नाहीत ते शेजारचे प्राध्यापकसुद्धा ओशाळं हसत दोन तिकिटं घेऊन गेले. जिंकलेलं तिकीट न्यू जर्सीतलंच निघालं, नेपच्यून गावचं. आमच्या दुकानातलं नव्हे, याची हळहळ अजून आहे. गल्ल्यात मात्र नोटांचा ढीग. लॉटरीचे पैसे दर आठवड्याला खात्यातून राज्याकडे परस्पर वळते होतात, त्यामुळे रोकड घरी ठेवून चालतच नाही, खात्यात शिल्लक लागते. त्या आठवड्याचे भरणे मोठे झाले आणि लायसन्स, नंबर, व्यवसाय हे सगळं पुन्हा झालं.

३ एप्रिलला उत्तर आलं: नाही. कारण, तक्त्यानुसार तुमच्या एकूण उलाढालीत निम्म्याहून जास्त भाग लॉटरीचा दिसतो, म्हणजे जुगाराचा, म्हणून अपात्र.

मला राग आला, पण त्यांचं गणित चुकीचं होतं असंही म्हणता येईना. तक्त्यात २०२३ ची दुकानाची स्वतःची विक्री होती चार लाख डॉलरच्या थोडी वर, आणि लॉटरीची विक्री साडेचार लाखांच्या पुढे. आकडे बघितले तर माझं दुकान खरंच लॉटरीचं दुकान दिसत होतं, शेजारी थोडं दूध ठेवलेलं.

दोन रात्री मी काउंटरवर बसून एफएफआयईसीचं मॅन्युअल वाचलं. बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थांच्या परिषदेचं हे पुस्तक, तपासनीस बँका तपासताना जे वापरतात ते. इंटरनेटवर फुकट आहे. भाषा रूक्ष, पण सूट देण्याबद्दलचं प्रकरण फार लांब नाही. आणि तिथे एका तळटीपेत माझं उत्तर होतं. एकूण मिळकत म्हणजे त्या व्यवहारातून धंद्याला प्रत्यक्ष जे मिळतं ते, विक्रीचा आकडा नव्हे. उदाहरणच लॉटरीचं दिलं होतं! दुकानदार राज्याच्या वतीने जे पैसे गोळा करतो ते त्याचे नाहीत, त्याची मिळकत म्हणजे त्याला त्यातून सुटणारी रक्कम. फिनसेनचा निर्णय क्रमांक २००२-१. मी मशीनकडे बघितलं आणि एकटीच हसले. त्या साडेचार लाखांतून माझ्या हाती पडलेलं कमिशन वीस-पंचवीस हजारांच्या घरात होतं. चार लाखांच्या दुकानदारीपुढे ते निम्मं सोडा, दहा टक्केही होत नव्हतं.

आता हे बँकेला नीट मांडायचं तर सीपीएंचं पत्र हवं, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सीपीएंना काही मागणं म्हणजे पंगतीत वाढप्याला बसून गप्पा मार म्हणण्यासारखं. १५ तारीख उलटेपर्यंत थांबले. तोवर भरणे चालू, रिपोर्ट चालू, काही बिघडलं नाही. घाई असेल तर ही मागणी कराच्या हंगामात काढू नका, एवढं मात्र सांगेन.

पत्रासाठी त्यांनी १५० डॉलर घेतले. या सगळ्या प्रकरणात बाहेर गेलेला मोठा खर्च तेवढाच. पत्र एका पानाचं. त्यात दोन आकडे शेजारी शेजारी: दुकानाच्या विक्रीची मिळकत आणि लॉटरी कमिशनची मिळकत, शेड्यूल सीच्या ओळींसकट. आमच्या शेड्यूल सीत लॉटरीचं फक्त कमिशनच मिळकत म्हणून धरलेलं होतं, त्यामुळे दोन्ही कागद एकमेकांशी जुळले. सोबत राज्याच्या लॉटरीकडून आलेला वर्षभराच्या कमिशनचा हिशेब जोडला. २२ एप्रिलला दिलं. मुखपृष्ठावर निर्णयाचा क्रमांक लिहिला, खाली एकच ओळ, की कृपया या आधारे फेरविचार करावा. रागाची सगळी वाक्यं मी आधी एका वेगळ्या कागदावर लिहून काढली होती. तो कागद घरीच राहिला.

मग वाट बघणं. या काळात मनात नाही नाही ते येतं. एवढे रिपोर्ट गेलेत, कोणीतरी बसून माझं नाव रंगवतंय की काय. आपण आपणहून सूट मागितली म्हणून उलट जास्त लक्ष तर गेलं नसेल? सीपीए म्हणाले, रिपोर्ट देशभरातून लाखोंनी जातात, त्यात तुमचे सोमवार कोण मोजत बसलंय. ते ऐकून झोप लागली असं नाही, पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

१६ मे, गुरुवार. व्यवस्थापक मुलीचा फोन. मंजूर. तिच्या आवाजात माझ्याइतकाच आनंद होता. तिच्या शाखेतलं हे पहिलंच असं प्रकरण, ती म्हणाली. बँक ज्या व्यवहाराला पहिल्यांदा सूट देते त्यापासून तीस दिवसांच्या आत तिला फॉर्म ११० पाठवावा लागतो, ते त्यांचं काम. आधी पाठवलेले रिपोर्ट मागे वगैरे घेतले जात नाहीत, आणि त्याची गरजही नाही.

मेमोरियल डेच्या सुट्टीनंतर, २८ मेच्या मंगळवारी दुकानातला मुलगा भरणा करून आला. पावती काउंटरवर ठेवून म्हणाला, आज काहीच विचारलं नाही. मी त्याला कॉफी दिली, पैसे न घेता. एरवीही मी घेत नाहीच.

सूट मिळाली म्हणजे नेमकं काय मिळालं, हे मंडळातल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सांगते. सूट फक्त धंद्याच्या खात्याला. माझ्या घरच्या खात्यात दहा हजारांवर रोख आली तर रिपोर्ट जाणारच, म्हणून भिशीचे पैसे मी दुकानाच्या पैशांत कधीच मिसळत नाही. व्यवहार विचित्र वाटला तर संशयास्पद व्यवहाराचा अहवाल बँकेला पाठवावाच लागतो, सूट असो वा नसो, आणि त्याबद्दल ती तुम्हाला एक अक्षर सांगू शकत नाही. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने दहा हजारांवर रोख दिली तर ८३०० फॉर्म भरणं ही माझी जबाबदारी, तीही तशीच. (आमच्याकडे दुधाच्या बाटलीला कोण दहा हजार देतंय, पण दागिन्यांचं दुकान असेल तर लक्षात असू द्या.) आणि ठरावीक मर्यादेपुढे रोकड मोजण्याचे जे पैसे बँक कापते ते कापतच राहते, त्याचा या सुटीशी संबंध नाही.

एलएलसी करावी का, हाही प्रश्न येतो. करायची तर इतर कारणांसाठी करा. कोणी दुकानात घसरून पडलं तर घरावर टाच येऊ नये, हे त्यातलं खरं कारण. या सुटीसाठी मात्र कंपनी काढायची गरज नाही.

ऑगस्टमध्ये नवीन टेलर आला आणि त्याने पुन्हा लायसन्स मागितलं. मी दिलं, आणि सहज म्हटलं की एकदा यादीत बघाल का. त्याने बघितलं, लायसन्स परत केलं. अशा वेळी अडून बसू नये, त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

दुसऱ्या टप्प्यातल्या गिऱ्हाइकांची पात्रता बँकेला दरवर्षी तपासावी लागते. २०२५ च्या मेमध्ये ईमेल आली: नवीन शेड्यूल सी आणि कमिशनचा हिशेब पाठवा. या वेळी सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत तयार होतं, लॉटरीचा हिशेब सर्वांत वर. आठवड्यात उत्तर आलं, सूट कायम.

जूनमध्ये दुसऱ्या एका बँकेचा माणूस दुकानात येऊन गेला. रोकड मोजण्याचे पैसे कमी घेऊ म्हणाला, शाखाही जवळ. मोह झाला. पण सूट त्या त्या बँकेपुरती असते, खात्याबरोबर चालत नाही. तिथे गेले तर पुन्हा दोन महिने, पुन्हा कागद, आणि त्यांचा बीएसए विभाग लॉटरीकडे कसा बघेल कोण जाणे. त्याला मी कॉफी दिली आणि विचारलं, तुमच्याकडे सोल प्रोप्रायटरना सीटीआरमधून सूट देता का? तो म्हणाला, विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.